पेशंट तूच, हँडओव्हर दे

नोकरीला लागून चार-सहा महिने झालेल्या नर्सेस माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य जवळजवळ ठरलेलं असतं. ‘मॅडम, मी चुकीच्या फिल्डमध्ये आलेय.’ मी समुपदेशक आहे, ठाण्यात बसते, त्यामुळे घोडबंदर रोडवरच्या आणि ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतच्या हॉस्पिटलांतल्या मुली येतात. आता ‘ब्रदर’ म्हणवले जाणारे मुलगेही येऊ लागलेत. कधी गावाहून आईचा फोन येतो. ‘रोज रडते हो फोनवर. सोडून ये म्हणू का?’

हे इतक्यांदा ऐकलं आहे की एकीची गोष्ट सांगितली तर ती अनेकींची होईल. तिला रेश्मा म्हणू. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

रेश्मा सांगली जिल्ह्यातली, वय २२. बीएस्सी नर्सिंग चांगल्या मार्कांनी झालेलं. नवी मुंबईतल्या एका खासगी हॉस्पिटलात मेडिकल वॉर्डला लागली आणि कोपरखैरण्याला दोघींसोबत पीजीत राहू लागली. नाइट संपवून थेट ठाण्याची लोकल पकडून यायची. डोळे सुजलेले, हाताला सॅनिटायझरचा वास.

तिसऱ्या आठवड्यात एका पेशंटच्या इन्फ्युजन पंपाचा, म्हणजे शिरेत ठरावीक वेगाने औषध सोडणाऱ्या यंत्राचा, अलार्म वाजत राहिला आणि तिला तो बंद करता येईना. इनचार्ज सिस्टर नातेवाइकांसमोरच म्हणाल्या, “कॉलेजात काय शिकवलं तुला?” त्या दिवसापासून रेश्माने विचारणं बंद केलं. काही अडलं की बाथरूममध्ये जाऊन मोबाइलवर शोधायचं आणि मनात घोकत परत यायचं.

मग एका रात्री ड्रिपमध्ये पोटॅशियम क्लोराइड घालायची ऑर्डर आली. हे औषध पातळ न करता झपकन शिरेत गेलं तर हृदय बंद पडू शकतं, हे तिला पाठ होतं. पण किती पातळ करायचं, किती वेगाने सोडायचं, याची खात्री नव्हती. हातात अँप्युल धरून ती औषधांच्या खोलीत नुसती उभी राहिली. एका सिनिअर ब्रदरने जाता जाता विचारलं, “काय गं, काय झालं?” दोघांनी मिळून ऑर्डर वाचली, हिशेब केला, लेबल तपासलं. पेशंटला काहीही झालं नाही. रेश्माने मात्र सकाळी राजीनाम्याचा मजकूर लिहून ठेवला.

“मी नालायक आहे मॅडम. कुणाचा तरी जीव घेईन एक दिवस.”

“त्या रात्री विचारलं का नाहीस?”

“विचारलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं, हिला काही येत नाही.”

पेशंटला धोका आहे हे तिला कळत होतं, तरी लाज त्याहून मोठी झाली होती. नव्या नर्सला न येणाऱ्या गोष्टी असतातच, त्याची मला काळजी वाटत नाही. ती विचारायला घाबरते, याची वाटते. जोखमीच्या औषधांना दोघांनी मिळून तपासायची पद्धत आहे, कारण वीस वर्षं काम केलेली नर्ससुद्धा एकटी चुकू शकते. म्हणजे विचारणं हा नर्सिंगच्या कामाचाच भाग आहे. ते अडाणीपणाचं लक्षण कुठून झालं?

मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ पद्धतीने काम करते. १९५५ पासून त्याने जे मांडलं, त्यातली एक गोष्ट मला नव्या नर्सेससाठी फार मोलाची वाटते: माणसाच्या एकेका कृतीला मार्क देता येतात, अख्ख्या माणसाला देता येत नाहीत. पण नाइट करून आलेल्या मुलीला हे समजावत बसलं तर ती मान डोलावते आणि घरी जाऊन पुन्हा रडते. तिला ते तिच्याच कामात सापडावं लागतं.

ड्यूटी संपताना नर्स पुढच्या नर्सला एकेका पेशंटची माहिती सोपवते, त्याला हँडओव्हर म्हणतात. म्हणून एकदा विचारलं, “हँडओव्हर कसा देतेस तू?”

ती एकदम सरळ बसली. “बेड नंबर, नाव, वय, डायग्नोसिस, ॲडमिट होऊन कितवा दिवस, तक्रार काय, व्हायटल्स, चालू काय आहे, पेंडिंग काय आहे, जनरल कंडिशन.”

“मग आता मला एक हँडओव्हर दे. पेशंट तूच.”

ती हसली, मग गप्प झाली. मी वही पुढे केली. हळूहळू ती बोलू लागली आणि तिचा आवाज ड्यूटीवरचा झाला.

“रेश्मा, वय बावीस. जॉइन होऊन पाचवा महिना. तक्रार… ड्यूटीला निघताना पोटात गोळा येतो, झोप लागत नाही, भूक कमी. ताप नाही.”

“चालू काय आहे?”

“व्हायटल्स, शुगर, नाकातल्या राइल्स ट्यूबमधून फीडिंग, कॅथेटर केअर एकटी करते. कॅन्युला बहुतेक वेळा लागते, वयस्कर पेशंटच्या शिरा फुटतात. रक्त चढवलंय, सिनिअरसोबत.”

“पेंडिंग?”

“इन्फ्युजन पंप. ईसीजी वाचणं. जोखमीच्या औषधांचं डायल्युशन.” थोडं थांबून, “रात्री डॉक्टरांना फोन केला की नेमकं काय बोलायचं ते.”

“जनरल कंडिशन?”

बराच वेळ ती वहीकडे बघत राहिली. “स्टेबल,” म्हणाली आणि रडू लागली. आधीच्या भेटींमधलं रडणं वेगळं होतं, हे मोकळं होतं. डोळे पुसून तिने पेंडिंगखालच्या चार ओळी पुन्हा वाचल्या. “मॅडम, हे सगळं शिकता येण्यासारखंच आहे की.”

“हँडओव्हरमध्ये कधी सांगतेस का, हा पेशंट वाया गेलेला आहे म्हणून?”

“छे हो! कंडिशन सांगायची असते फक्त.”

एलिस तिने मला तिच्या वॉर्डच्या भाषेत सांगितला होता. त्या दिवसापासून मी प्रत्येक नव्या नर्सकडून तिचा स्वतःचा हँडओव्हर घेते. आणि मला समाधानाने सांगावंसं वाटतं, की माझी कुठलीही समजूत जे करत नाही ते या चार ओळींची पेंडिंग यादी करते. ‘मला काहीच येत नाही’ हे वाक्य त्या यादीपुढे टिकत नाही.

यादी घेऊन रेश्मा इनचार्ज सिस्टरकडे गेली. राउंडच्या गडबडीत जायचं नाही, दुपारच्या चहाला गाठायचं, एवढं आम्ही ठरवलं होतं. “सिस्टर, मला या चार गोष्टी येत नाहीत. पंप आधी शिकायचाय.” त्यांनी यादी वाचली आणि म्हणाल्या, “अगं, मग आधी बोलायचंस ना!” त्याच ब्रदरला त्यांनी तिला शिकवायला नेमलं. त्यांच्या वॉर्डला स्टाफ कमी होता, औषधांचा हिशेब डोक्यावर होता, आणि त्या स्वतः नव्या असताना त्यांनाही कुणी शिकवणारं मिळालं नव्हतं. त्या दुष्ट नव्हत्या, थकलेल्या होत्या. तरीही नातेवाइकांसमोर बोललेलं ते वाक्य चूकच होतं. तशा एका वाक्याने मुलगी विचारायची थांबते आणि त्याचा धोका पेशंटला होतो.

फोनचा सराव आम्ही माझ्या खोलीत केला. अमेरिकी नौदलातून वैद्यकक्षेत्रात आलेली एक साधी रीत आहे: आत्ता काय झालंय, पेशंटची पार्श्वभूमी काय, मला काय वाटतं, तुमच्याकडून काय हवंय. ‘डॉक्टर, सात नंबरच्या आजोबांचं बीपी ८०/५० आहे, तासाभरापूर्वी ११०/७० होतं. काल पोटाचं ऑपरेशन झालंय, लघवी कमी झालीय. मला आतून रक्तस्राव होत असल्याची शंका येतेय. तुम्ही लगेच येऊन बघा.’ शेवटचं वाक्य मुलींच्या तोंडून निघता निघत नाही. ते आरशासमोर म्हणून बघा, लाजू नका.

नव्या नर्सेसना आणखी थोडं सांगते. शिक्षण संपवून वॉर्डात आल्यावर बसणाऱ्या धक्क्यावर नर्सिंगच्या अभ्यासक मार्लीन क्रेमर यांनी १९७४ मध्येच लिहून ठेवलंय, म्हणजे हा धक्का तुमच्या एकटीच्या कमकुवतपणाचा नाही. नर्सिंगच्याच दुसऱ्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये दाखवलं की एकाच प्रकारच्या कामात दोन-तीन वर्षं गेल्यावर नर्सला त्या कामावर खरी पकड येते. मग पाचव्या महिन्यात स्वतःचा निकाल कशाला लावता? चूक झालीच तर आधी पेशंटकडे बघा, लगेच डॉक्टर आणि इनचार्जना सांगा, खरं लिहा. लपवलेली चूक पेशंटचं नुकसान करते आणि तुम्हालाही पोखरते. पहिला बळी पेशंट; आपल्या हातून झालेल्या चुकीच्या ओझ्याखाली दबलेल्या डॉक्टर-नर्सला डॉ. अल्बर्ट वू यांनी २००० मध्ये ‘दुसरा बळी’ म्हटलं, ते उगाच नाही.

इनचार्ज आणि मेट्रन यांना माझी कळकळीची विनंती आहे. नवीन मुलगी आली की तिला शिकवणारी एक व्यक्ती नावानिशी ठरवून द्या. ‘सगळ्यांना विचार’ म्हटलं की ती कुणालाच विचारत नाही. आणि त्या शिकवणाऱ्या व्यक्तीचे थोडे बेड कमी करा. स्वतःचे सगळे पेशंट सांभाळून वर शिकवायचं म्हटलं तर चिडचिडच होणार.

आई-वडिलांनो, ‘सोडून ये’ आणि ‘सहन कर’ ही दोन्ही वाक्यं पहिल्या फोनवर नकोत. जेवलीस का, झोपलीस का, आज नवीन काय जमलं, एवढं विचारा. ठरावीक काळ नोकरी सोडणार नाही असा बॉण्ड लिहून दिला असेल तर कागद नीट वाचून घ्या. तिथे रोज अपमानच होत असेल आणि शिकवायला कुणी तयारच नसेल, तर दुसरीकडे नोकरी शोधण्यात कमीपणा नाही. हॉस्पिटल बदललं म्हणून नर्सिंग सुटत नाही.

आणि एक गोष्ट गंभीरपणे घ्या. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप-भूक उडालेली असेल, कशातच मन लागत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. समुपदेशनाच्या जोडीला रेश्मालाही मी दाखवायला सांगितलं होतं. जगणं नकोसं वाटत असेल तर दोन आठवडे थांबूच नका, लगेच कुणाला तरी सांगा. रात्री-अपरात्री कुणी नसेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.