‘रामायण’च्या जपानी ॲनिमेशनपटात ज्यांचं नाव येतं ते राम मोहन कोण होते?

तुम्ही लिहिलंय की 2025 च्या जानेवारीत थिएटरात लागलेला ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ पाहिलात आणि जपानी नावांच्या रांगेत राम मोहन हे आपल्याकडचं नाव बघून थबकलात. प्रश्न वाचून फार बरं वाटलं. नव्वदच्या दशकात मी अंधेरीच्या एका स्टुडिओत इनबिटवीनर होतो, म्हणजे हालचालीतल्या मुख्य चित्रांच्या मधली चित्रं काढायचो. मला शिकवणारे जे सर होते, ते राम मोहन यांच्या हाताखाली तयार झालेले. सर राम मोहन यांना नेहमी ‘साहेब’च म्हणत.

राम मोहन हे मुंबईतले ॲनिमेटर. जन्म 1931 चा, केरळातला. मद्रासला रसायनशास्त्राची पदवी घेतली आणि पुढच्या शिक्षणासाठी मुंबईत आले. ते शिक्षण बाजूलाच राहिलं, कारण 1956 मध्ये सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनने कार्टून फिल्म युनिट सुरू केलं आणि हे तिथे शिरले. शिकवायला होते डिस्नेचे क्लेअर वीक्स. ‘बॅम्बी’वर काम केलेला हा माणूस मुंबईच्या पोरांना घेऊन जातककथेतल्या हरणाची फिल्म करत होता, ‘द बॅन्यन डिअर’. राम मोहन यांची शाळा ती.

1968 मध्ये त्यांनी सरकारी नोकरी सोडली, प्रसाद प्रॉडक्शन्सचा ॲनिमेशन विभाग सांभाळला आणि 1972 मध्ये राम मोहन बायोग्राफिक्स ही स्वतःची कंपनी काढली. त्या काळी ही उडी केवढी मोठी होती, ते हिशेब मांडला की कळतं. पडद्यावर सेकंदाला 24 फ्रेम जातात. एक चित्र दोन फ्रेम चालवलं तरी सेकंदाला 12 चित्रं. म्हणजे दहा मिनिटांच्या फिल्मला 7200, आणि तीसुद्धा एकच पात्र हलत असेल तर! मला पावसाळा आठवतो. हवेतल्या ओलीने कागद फुगायचा, पेग बारवर, म्हणजे कागद जागेवर धरणाऱ्या खुंट्यांच्या पट्टीवर, भोकं सैल बसायची आणि लाइन टेस्टमध्ये, म्हणजे नुसत्या रेघांची चित्रं चालवून बघताना, अख्खं पात्र थरथरायचं. मग परत लाइट बॉक्स लावून तीच चित्रं पहिल्यापासून.

एवढ्या मेहनतीला पैसे देणार कोण? सरकारी प्रचारपट, जाहिराती, हिंदी सिनेमांची टायटल्स. राम मोहन यांनी यातलं काहीच हलकं मानलं नाही. माझ्या मते त्यांचं खरं मोठेपण इथे आहे. या शहरात चित्रं हलवून घर चालवता येतं, हे त्यांनी दाखवलं, म्हणून आमच्यासारख्यांना हा धंदा मिळाला. आर. के. लक्ष्मण यांच्याबरोबर केलेल्या ‘यू सेड इट’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘शतरंज के खिलाडी’त चेरी खाल्ल्यासारखी संस्थानं गिळणारा इंग्रज गव्हर्नर जनरल डलहौसी आठवतो? ते ॲनिमेशन त्यांचं. आपला सातारा आणि नागपूर खालसा करणारा तोच हा डलहौसी, त्यामुळे मला तो तुकडा जरा जास्तच लागतो.

पण मला विचाराल तर सगळ्यात वरती ‘मीना’. युनिसेफसाठी केलेली मालिका. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, सगळीकडच्या माणसांना ही आपल्याच गावातली पोर वाटली पाहिजे, अशी अट. चेहरा, कपडे, अंगण, काहीच एका देशाचं दिसून चालणार नव्हतं. एका भागात मीनाला शाळेत पाठवत नाहीत, तर तिचा पोपट मिठू वर्गात काय चाललंय ते ऐकून येतो आणि तिला आकडे शिकवतो. ती कोंबड्या मोजते, एक कमी भरते, आणि चोर सापडतो. माझी आई तिसरीत शाळा सुटलेली. तो भाग लागला की हातातलं काम ठेवून बसायची, चोर पकडला गेला की ‘बघ, मोजता आलं म्हणून!’ म्हणायची.

2006 मध्ये त्यांनी ग्राफिटी स्कूल ऑफ ॲनिमेशन सुरू केलं, 2014 मध्ये पद्मश्री मिळाली, 11 ऑक्टोबर 2017 ला ते गेले.

आता तुम्ही पाहिलेला सिनेमा. मूळचा 1992 चा, जपानी दिग्दर्शक युगो साको यांच्या ध्यासातून झालेला. चित्रं काढणारे बहुतेक जपानी. धोतर कसं नेसतात, नमस्कार कसा करतात, माणूस मांडी घालून कसा बसतो, हे त्यांना आपल्या मंडळींनी समजावून दिलं, आणि त्यात राम मोहन पुढे. पुन्हा पाहाल तेव्हा गोष्ट थोडी बाजूला ठेवा आणि राम बसतो-उठतो तेव्हा त्याच्या धोतराच्या निऱ्यांकडे बघा.