ऑफिसला सांग, वर्गाला सांगायचं की नाही ते तू ठरव

‘ताई, मी खानापूर तालुक्यातल्या खेड्यातली. मला डिस्लेक्सिया आहे, वाचायला फार वेळ लागतो. शाळेत विशेष शिक्षिका बाई यायच्या. त्यांच्यामुळं आणि लेखनिक मिळाल्यामुळं मराठी माध्यमातून एसएसएलसी, म्हणजे इथली दहावी, पास झाले. घरातली इस्त्री, मिक्सर मीच दुरुस्त करते. बेळगावात आयटीआयला इलेक्ट्रिशियन करायचंय. पण शाळेत “स्पेशल, स्पेशल” म्हणून इतकं चिडवलंय की तिथं कुणाला कळूच द्यायचं नाही. त्यात शिकवणार कन्नड-इंग्लिशमध्ये. न सांगता निभेल का?’

अगं पोरी,

इतकं सोसल्यावर लपवावंसं वाटणारच. पण न सांगता निभणार नाही, असं मला स्पष्ट वाटतं. शाळेत बाई तुझ्याकडं यायच्या. आयटीआयमध्ये आपणहून कुणी विचारायला येत नाही, तिथं मागेल त्यालाच मिळतं. लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास, ही सवलत केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. त्यासाठी दिव्यांगत्वाचा दाखला आधी ऑफिसात द्यावा लागतो. परीक्षेच्या दिवशी मागून काय उपयोग?

तेव्हा ऑफिसला सांग, शिकवणाऱ्या सरांना सांग. बरोबरच्या पोरापोरींना सांगायचं की नाही, हा तुझा प्रश्न. नाही सांगितलंस तर ते खोटं बोलणं होत नाही.

भाषेचं मात्र नीट लक्षात घे. आपल्या भागात मराठी माध्यमातलं मूल अडलं की ‘त्याला कन्नड येत नाही’ म्हणून विषय संपतो. तुझ्या दोन अडचणी आहेत आणि दोन्हींवरचा उपाय वेगळा आहे. कन्नड कानावर पडून पडून येईल, बेळगावच्या वर्कशॉपमध्ये तिन्ही भाषा मिसळूनच चालतात. वाचनाचं तसं नाही. देवनागरीत अडतेस तशी कन्नड आणि इंग्लिश लिपीतही अडशील. सरांना दोन्ही वेगवेगळं सांगितलं नाहीस, तर ते तुला कन्नडच्या शिकवणीला धाडतील आणि मूळ दुखणं तसंच राहील.

कोऱ्या कागदावर प्राचार्यांच्या नावे अर्ज कर. ‘मला वाचायला वेळ लागतो, तोंडी सांगितलेलं लगेच समजतं. वायरिंगची आकृती फळ्यावर असताना तिचा फोटो काढू द्यावा, सूचना एकदा तोंडी सांगाव्यात, परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ मिळावा.’ एवढं पुरे. कन्नडमध्ये कुणाकडून तरी लिहून घे, पण सही करण्याआधी वाचून घेऊन समजून घे. दोन प्रती काढ, एकीवर पोच घे. तुझ्या बाईंना गाठून, कशानं तुला मदत झाली ते त्यांच्या हातचं एक पान लिहून घे. नव्या सरांना त्याचा फार उपयोग होतो.

दहावीत गणित-विज्ञान सोडलं नसशील अशी आशा आहे, इलेक्ट्रिशियनला ते लागतात. आणि कोणत्या ट्रेडला कोणते दिव्यांग उमेदवार चालतात, हे अभ्यासक्रमातच दिलेलं असतं. फॉर्म भरण्याआधी विचारून घे.

पुढं डिग्रीला गेलीस तर ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाच्या दाखल्यावर, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार, सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, देशभर चालतं, त्यामुळं उद्या कोल्हापूरकडं जायचं झालं तरी तेच कार्ड. गाव महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या ८६५ सीमाभागातल्या गावांच्या यादीत असेल तर महाराष्ट्रातल्या तंत्रशिक्षणाच्या प्रवेशात सीमाभागातल्या मुलांसाठी तरतूद आहे, तीही बघून ठेव.

घरचे म्हणतील, दाखला कशाला, उद्या लग्नात आडवा येईल. आईला एकदा बाईंशी बोलू दे. मी सांगण्यापेक्षा त्यांचं तिला पटेल.

आता पहिलं काम दाखल्याचं. जुना असेल तर तारीख बघ. वाचन-लेखनाच्या अडचणीची तपासणी १८ व्या वर्षी पुन्हा करावी लागते. त्यासाठी बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात, म्हणजे बिम्समध्ये, चौकशी कर आणि ती प्रवेश सुरू व्हायच्या आधी कर. तिथं चकरा पडतात आणि फॉर्मची शेवटची तारीख कुणासाठी थांबत नाही.