नाकावरची पट्टी निघेपर्यंत

पुणे, आषाढ

चि. मुलीस अनेक आशीर्वाद,

नाकाच्या शस्त्रक्रियेनंतर उद्या तुला रुग्णालयातून घरी सोडणार असल्याचे तुझ्या आईने कळवले आणि पुढच्या आठ दिवसांत काय करायचे ते लिहून द्यावे, असेही सुचवले. माझी सारी नोकरी शल्यचिकित्सा विभागात परिचारिका म्हणून झाली असल्यामुळे हे लिहिण्याचा थोडा अधिकार मला आहे. मात्र रुग्णालयाने दिलेल्या कागदावर याहून वेगळे काही असेल, तर तिथे कागदाचेच ऐकावे.

भुलीचा अंमल पुरता उतरायला साधारण एक दिवस जातो, तेव्हा पहिल्या रात्री घरात कोणीतरी जागे राहील अशी व्यवस्था करावी आणि जिना आधाराशिवाय चढू नये. घरी येताना रिक्षापेक्षा मोटार बरी. आपल्याकडचे गतिरोधक धडधाकट माणसाचीही हाडे हलवतात. झोपताना पाठीमागे तीन उशा रचून डोके छातीच्या बरेच वर राहील असे पाहावे आणि झोपेत कूस बदलली जाऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना लोड लावून घ्यावेत. नाक बंद असल्याने तोंडाने श्वास घ्यावा लागतो, ओठ सुकून फुटतात, त्यामुळे पाण्याचा तांब्या आणि ओठांना लावायला व्हॅसलीन हाताशी असू द्यावे. नाकाखाली मिशीसारखी बांधलेली गॉझची पट्टी पहिल्या दिवसात गुलाबी-लाल होणारच. ती बदलायची, घाबरायचे नाही.

आता मुख्य गोष्ट. सूज पहिल्या दोन-तीन दिवसांत कमी होत नाही, उलट चढत जाते. डोळ्यांखाली निळे-जांभळे डाग उतरतात, पापण्या जड होतात, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी आरशात जो चेहरा दिसतो तो पाहून हुशार, समजूतदार मुलीसुद्धा रडतात. भुलीनंतरचा थकवा, मोडलेली झोप आणि कोंडलेले नाक यांची त्यात भर पडते, त्यामुळे "मी हे का करून घेतले" हा प्रश्न नेमका याच दिवसांत मनात येतो. त्याचे उत्तर त्या वेळी शोधू नये, कारण उत्तर देण्याजोगे काही समोर नसतेच: पट्टीखालचे नाक तुला दिसत नाही, आणि जे दिसते ती सूज आहे. डाग पुढे हिरवट-पिवळे होत दोन आठवड्यांच्या आसपास विरतात. तोवर चेहऱ्याची छायाचित्रे काढून मैत्रिणींना पाठवणे आणि त्यांचे अभिप्राय मागवणे सर्वथा टाळावे. पहिले दोन दिवस बर्फ कापडात गुंडाळून गालांवर आणि कपाळावर, एका वेळी पंधरा-वीस मिनिटे ठेवावा. नाकावरच्या कडक पट्टीवर तो मुळीच ठेवू नये, कारण ती ओली होता कामा नये आणि तिच्यावर भारही पडता कामा नये.

तुझ्या घरात आजी आहेत, म्हणून पुढचा भाग जरा विस्ताराने लिहिते. त्यांच्या मायेविषयी मला आदरच आहे, पण नाकात साजूक तूप सोडणे, वाफारा घेणे आणि टाक्यांवर हळदीचा लेप लावणे या तिन्ही गोष्टी या दिवसांत होता कामा नयेत. उष्णतेने रक्तवाहिन्या फुलतात आणि थांबलेले रक्त पुन्हा सुरू होऊ शकते. तूप किंवा लेप ताज्या जखमेत गेल्यास जंतूंना वाव मिळतो. हळदीचे दूध कोमट करून थोडेसे प्यायला हरकत नाही, आजींचे मनही राहील. दुसरा शत्रू स्वयंपाकघरात आहे. मिरचीच्या फोडणीचा ठसका लागला की शिंक येते, आणि शिंकेच्या जोराने टाके ताणले जातात. म्हणून फोडणीच्या वेळी तुझ्या खोलीचे दार लावलेले असावे आणि उदबत्तीही काही दिवस दुसऱ्या खोलीत लावावी. तरीही शिंक आलीच, तर ती दाबू नये, तोंड उघडे ठेवून येऊ द्यावी. नाक शिंकरायचे मात्र अजिबात नाही. जेवणात मेतकूट-भात, मऊ वरणभात, कोमट सार असावे. भाकरी, चकली असे जोराने चावावे लागणारे आणि पापड-लोणच्यासारखे खारट पदार्थ सध्या बाजूला ठेवावेत, कारण मिठाने सूज रेंगाळते. वेदनाशामक गोळ्यांनी पोट बांधले जाते आणि कुंथल्याने नाकावर ताण येतो, त्यामुळे इसबगोल घ्यावा का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. लिहून दिलेल्याव्यतिरिक्त अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन मेडिकलवाल्याकडून परस्पर आणू नये. त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

सौंदर्यापेक्षा ज्या लक्षणांकडे लक्ष ठेवायचे ती वेगळी आहेत. नाकाखालची गॉझची पट्टी भराभर भिजत असेल किंवा घशात रक्त सतत उतरत असेल; ताप १०१ अंशांच्या वर गेला असेल; दुखणे कमी होण्याऐवजी वाढत जाऊन नाक आतून फुगल्यासारखे पूर्ण बंद झाले असेल; नाकातून पाण्यासारखा पातळ स्राव थेंबथेंब गळत असेल; नजर अंधूक झाली असेल; पोटरी सुजून दुखत असेल किंवा धाप लागत असेल, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालयात फोन करावा. नाकाच्या मधल्या पडद्यात रक्त साकळले तर ते वेळेवर काढावे लागते, नाहीतर आतल्या कूर्चेला इजा होते, म्हणून "सकाळपर्यंत पाहू" असे म्हणणारा जो कोणी असेल त्याचे ऐकू नये.

भेटायला येणाऱ्यांना आठ दिवस नम्रपणे थोपवावे. "देवाने दिलेल्या नाकाला हात कशाला लावायचा" असे कोणी म्हणालेच, तर त्यांना सांगावे की ही विद्या इथे कालपरवा आलेली नाही. कावसजी नावाच्या एका बैलगाडीवाल्याचे टिपूच्या कैदेत कापले गेलेले नाक पुण्याजवळच्या वीटकाम करणाऱ्या जातीतील एका माणसाने कपाळाची त्वचा वळवून पुन्हा घडवले होते. त्याचे वर्णन १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आले, आणि त्यानंतर वीस वर्षांनी जोसेफ कार्प्यू यांनी इंग्लंडमध्ये त्याच पद्धतीने शस्त्रक्रिया केली. तुझी शस्त्रक्रिया अर्थात निराळ्या प्रकारची आहे, पण पाहुण्यांना गप्प करायला एवढे पुरे.

ढोल पथकाच्या सरावाला यंदा जायचे नाही, हे तुला आवडणार नाही, तरी लिहिते. कमरेला ढोल बांधून वाकणे, उडणे, गर्दीत कुणाच्या टिपरूचा वा कोपराचा धक्का लागणे, यातले काहीही पहिले सहा आठवडे चालणार नाही. झेंडा धरण्याचाही हट्ट करू नये. चष्म्याचा भार नाकाच्या हाडावर तितकाच काळ पडू देऊ नये. तोंड झाकणारे हेल्मेट चढवता-उतरवताना नाकाला घासते, त्यामुळे दुचाकी घरीच राहील. डोक्यावरून घालायच्या कुर्त्यांऐवजी पुढून गुंड्या असलेले कपडे काढून ठेवावेत.

साधारण आठवड्याने पट्टी आणि टाके निघतील. त्या दिवशी नाक रुंद, शेंडा वर उचललेला आणि बधिर वाटेल, त्वचा तेलकट दिसेल. सूज बरीचशी पुढच्या काही आठवड्यांत उतरते, पण शेंड्याची शेवटची सूज जायला वर्षही लागू शकते, तेव्हा डॉक्टरांना त्या दिवशी आकाराविषयी नव्हे, तर श्वास, आंघोळ आणि सलाइनच्या फवाऱ्याविषयी विचारावे. आईला त्या सकाळी शाळा असेल तर मी तुझ्याबरोबर येईन. आदल्या संध्याकाळी तेवढे कळव.

तुझी,
मावशी