बनियनवर बनियन

"मॅडम, माझ्या एका मित्राला प्रॉब्लेम आहे."

आवाज दबलेला असतो. मागून मोटरसायकलचे आवाज येतात, म्हणजे मुलगा घराबाहेर येऊन बोलतोय. मित्राचं वय सांगून होतं, वजन सांगून होतं आणि मग खरा प्रश्न येतो. "त्याची छाती मुलींसारखी वाढलीय. ऑपरेशन केलं की कायमचं जातं ना?" जळगावला माझ्याकडे समुपदेशनासाठी चोपडा, पारोळा, शिरपूर, शहादा अशा सगळीकडून मुलं येतात आणि वर्षातून कितीतरी वेळा हा प्रश्न माझ्या कानावर येतो. कधी कॉलेजातला मुलगा विचारतो, कधी लग्न ठरलेला. हळदीला अंगातला सदरा काढावा लागणार, या धास्तीनं त्याची झोप उडालेली असते.

या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर देता येतं. पण तेवढ्या उत्तरानं मुलाचं भागत नाही, हे मला भूषणमुळे नीट कळलं. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. लिहू का, असं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "लिहा मॅडम, बिनधास्त.")

भूषण २२ वर्षांचा. चोपडा तालुक्यात, तापीच्या अंगाला घरची केळीची बाग. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, चार दिवस आधी आई त्याला घेऊन आली. बाहेर ४४ अंश तापलेलं आणि हा पूर्ण बाह्यांचा जाड, गडद निळा शर्ट घालून बसलेला. घाम कानशिलावरून ओघळत होता.

"ताई, पोऱ्या काहीच बोलस नही," आई म्हणाली. पोलीस भरतीसाठी तो रोज पहाटे चारला उठून पळायचा. फॉर्म भरायचा, फी भरायचा. दोनदा ग्राउंडची तारीख आली आणि दोन्ही वेळा एसटी स्टँडवरून घरी परत आला. वडिलांनी निकाल लावून टाकला होता की पोराच्या अंगात हिंमत नाही.

माझं लक्ष त्याच्या शर्टाकडे गेलं. खांद्यावर आणि पोटावर तपकिरी, काळपट डाग होते. मी खान्देशातलीच असल्यामुळे ते डाग कशाचे हे विचारावं लागलं नाही. केळीचा चीक कपड्याला लागला की कुठल्याही साबणानं निघत नाही. म्हणून बागेत जाताना लोक एक जुना कपडा वेगळा ठेवतात, नाहीतर खांद्यावर गोणपाट टाकून उघड्या अंगानंच घड वाहतात. मी आईला विचारलं, तर म्हणाली, "याचे सगळेच शर्ट असे. दिवाळीचा नवासुद्धा. बाप उघडा, गडी उघडे, हाच एक शर्ट काढत नाही."

तिसऱ्या भेटीत तो एकटा आला. तोंडानं सांगता येईना म्हणून मी कागद पुढे केला. त्यानं लिहिलं, "माझी छाती". मग ते खोडलं. मग पुन्हा लिहिलं. आठवीत पी.टी.च्या तासाला पोरांनी एक नाव ठेवलं होतं, ते मी इथे लिहिणार नाही. तेव्हापासून तो विहिरीत पोहायला उतरला नव्हता. शर्टाच्या आत एकावर एक दोन बनियन घालायचा, आतलं एक मापानं लहान, म्हणजे छाती दाबून राहील. रोज २०० दंड मारायचा. आणि भरतीच्या मैदानावरून तो का परततो हेही कळलं. तिथे छाती मोजतात, न फुगवता किमान ७९ सेंटीमीटर आणि फुगवल्यावर ५ सेंटीमीटरनं वाढलेली. रांगेत, शर्ट काढून, सगळ्यांसमोर.

मी सहज म्हणून गेले, "अरे, यात लाजण्यासारखं काय आहे?"

"पप्पाही हेच म्हणतात," तो म्हणाला आणि गप्प झाला. पुढचे दोन आठवडे आलाच नाही.

ते दोन आठवडे मी त्या वाक्याचा विचार करत होते. ज्याला लाज वाटते त्याला 'लाजू नको' म्हटलं की त्याच्याकडे लाजायला दोन गोष्टी होतात, एक छाती आणि दुसरी ती लाज. तो परत आला तेव्हा मी आधी एवढंच म्हटलं, "नऊ वर्षं हे एकट्यानं सांभाळलंस. जड गेलं असेल." त्यानं मान खाली घातली. "माले लाज वाटस मॅडम, लय." माझ्याकडे आल्यापासून पहिल्यांदा तो घरच्या बोलीत बोलला.

पुढे जाण्याआधी मी त्याला डॉक्टरांकडे पाठवलं. हे मी प्रत्येकाच्या बाबतीत करते आणि यात तडजोड करत नाही. डॉक्टर याला गायनेकोमॅस्टिया म्हणतात. पुरुषाच्या शरीरातही थोडं इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्री-संप्रेरक, असतं. टेस्टोस्टेरॉन हे पुरुष-संप्रेरक आणि इस्ट्रोजेन यांचा तोल बिघडला की स्तनाग्राखालची ग्रंथी वाढते. वयात येताना जवळजवळ निम्म्या मुलांना हे कमी-जास्त होतं आणि बहुतेकांचं सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप ओसरतं. म्हणून तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचे आईवडील ऑपरेशनचं विचारायला आले तर मी थांबायला सांगते. ज्यांचं ओसरत नाही त्यांच्या ग्रंथीत तंतू तयार होऊन ती घट्ट होते. मग गोळ्यांचाही फारसा उपयोग होत नाही आणि दंड मारूनही ती जात नाही. उलट खालचा स्नायू भरला की ती आणखी पुढे येते. भूषणचे २०० दंड का वाया जात होते, ते त्याला तेव्हा कळलं.

काहींची नुसती चरबी असते. उताणं झोपून दोन बोटांनी दोन्ही बाजूंनी स्तनाग्राकडे दाबत गेलं तर ग्रंथी घट्ट चकतीसारखी हाताला लागते, चरबी तशी लागत नाही. पण निदान डॉक्टरांनीच करावं. थायरॉईड, लिव्हर, किडनी, वृषण यांचा आजार यामागे असू शकतो. दारू असू शकते, रक्तदाबाची किंवा पित्ताची काही औषधं, केस गळू नयेत म्हणून घेतलेली गोळीही. आणि जिममध्ये कोणी 'बॉडी बनेल' म्हणून टोचलेली स्टेरॉईडची इंजेक्शनं! ती कुणी देत असेल तर त्या जिमची पायरी पुन्हा चढू नका. एकाच बाजूला कडक गाठ लागली, स्तनाग्रातून पाणी किंवा रक्त आलं, कातडी आत ओढली गेली, तर माझ्याकडे येण्यात वेळ घालवू नका, थेट सर्जनला दाखवा. पुरुषांना स्तनाचा कर्करोग क्वचितच होतो, पण होतो.

भूषणच्या सगळ्या तपासण्या नॉर्मल आल्या. "मी पूर्ण पुरुष आहे ना? पुढे मुलं होतील ना?" हे त्यानं डॉक्टरांना दोनदा विचारलं. वाढलेल्या ग्रंथीचा त्याच्याशी संबंध नाही, हे त्यांनी दोन्ही वेळा सांगितलं. ऑपरेशन करता येईल, पण करायलाच हवं असं नाही, हेही सांगितलं.

सातव्या भेटीत तो ठरवूनच आला होता. ऑपरेशन करायचं, पैसे मामा देणार. मी म्हटलं, "चालेल. धर, ऑपरेशन झालं. टाके सुकले, सूज उतरली, छाती पाटीसारखी सपाट झाली. आता काय करशील?"

तो हसला. त्याचं हसू मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "तापीत उडी मारीन मॅडम."

"शर्ट काढून?"

"हो मग!"

"काठावर कोण कोण आहे?"

त्यानं नावं घेतली. चुलतभाऊ, शाळेतले दोघं, त्या नावाचा शोध लावणारा एक. नावं घेता घेता त्याचा हात आपसूक वर गेला. दोन बोटांच्या चिमटीत शर्ट धरून त्यानं तो छातीपासून पुढे ओढला. ही त्याची सवय होती, दर दोन-तीन मिनिटांनी तो तसं करायचा, कापड अंगाला चिकटू नये म्हणून.

"पण मॅडम," तो म्हणाला, "टाक्यांचे व्रण दिसतील ना? ते विचारतील, हे कशाचं."

मी काही बोलले नाही. वीस वर्षांच्या कामात मी शिकलेली सर्वांत अवघड गोष्ट हीच, अशा वेळी तोंड बंद ठेवायचं. पंखा फिरत होता. त्यानं चिमटीतला शर्ट सोडला, स्वतःच्या हाताकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "म्हणजे मी तेव्हाबी शर्ट काढणार नाही."

हे मी त्याला दहा वेळा समजावून सांगितलं असतं तरी त्याला पटलं नसतं. छाती सपाट झाली तरी लपवणारा भूषण तसाच उरणार होता, फक्त आता त्याला व्रण लपवायचे होते. मी अमेरिकन मानसतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांची विचारपद्धत मानणारी आहे. घटना आणि दुःख यांच्यामध्ये आपण स्वतःशी बोललेलं एक वाक्य असतं, आणि ते शोधून काढलं की अर्धं काम होतं. भूषणचं वाक्य होतं, "कोणी पाहिलं, कोणी हसलं, की मी संपलो." ते वाक्य सर्जनच्या सुरीला लागत नाही. महिनाभर खटपट करून आम्ही ते बदललं. "कोणी हसलं तर मला वाईट वाटेल. वाईट वाटलं तरी मी उभा राहीन." हे वाक्य त्याचं त्यानं बांधलंय, मी दिलेलं नाही.

वाक्य नुसतं पाठ करून भागत नाही, ते अंगात मुरावं लागतं. आधी आतलं छोटं बनियन गेलं. मग दुसरं. मग घरात, न्हाणीतून बाहेर येताना खांद्यावरचा टॉवेल छातीवर न ओढता यायचं. पुढची पायरी बागेची होती, म्हणून मी वडिलांना बोलावून घेतलं.

"भूषणनं शर्ट काढला तर तुम्ही काहीच बोलायचं नाही. शाब्बास नाही, लाजू नको नाही. काहीच नाही."

"मग करू काय?"

"खांद्यावर घड द्या."

त्यांनी अगदी तसंच केलं. पुढच्या भेटीत भूषण सांगत होता, "पप्पा काहीच बोलले नाही. गोणपाट टाकलं न् घड ठेवला. एका गड्यानं पाहिलं माझ्याकडे. हसला का नाही, माहीत नाही. तेवढ्यात दुसरा घड आला." त्या रात्री आईनं त्याच्या पाठीला तेल लावून चीक काढला.

तिसऱ्यांदा भरतीची तारीख आली तेव्हा तो एसटीत बसला. न फुगवता ८४, फुगवून ९०. "मागे दोघं हसले मॅडम. बहुतेक माझ्यावरच."

"मग?"

"मग काय, पुढे गेलो, गोळा फेकला."

लेखी परीक्षेत थोडक्यात हुकला तो. आता पुन्हा तयारी करतोय.

आणि हो, ऑपरेशन त्याला तरीही हवं होतं. मला त्यात काही चुकीचं वाटलं नाही. जी मुलं समजून उमजून ऑपरेशन करून घेतात त्यांना खरोखर मोकळं वाटतं, हे मी पाहिलंय. फक्त मी त्यांना थोडं थांबवते आणि विचारते, व्रण राहिला, दोन्ही बाजू अगदी सारख्या झाल्या नाहीत, तर काय करशील? ज्याच्याकडे याचं उत्तर आहे त्यानं खुशाल करावं. ज्याला वाटतं की ऑपरेशननंतर कोणी कधी हसणारच नाही, त्यानं आधी या विचाराचं काहीतरी करावं.

ऑपरेशनबद्दल घरच्यांना मी जे सांगते ते असं. स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या खालच्या कडेला छोटा छेद घेऊन ग्रंथी काढतात, आजूबाजूची चरबी लायपोसक्शननं ओढतात. रंग बदलतो त्या रेषेवरच छेद असल्यानं व्रण बराच झाकला जातो. साधारण एक-दोन तासांचं काम, पुष्कळदा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी. काढलेली ग्रंथी तपासणीला पाठवतात, तो रिपोर्ट मागून घ्या. रक्त किंवा पाणी साठणं, स्तनाग्राची संवेदना काही काळ बोथट होणं, गरजेपेक्षा जास्त ग्रंथी काढली गेली तर तिथे खळगा पडणं, हे धोके सर्जननं स्वतःहून सांगायला हवेत. जो 'काहीच होत नाही' म्हणतो त्याच्याकडून उठून या. पात्रताप्राप्त प्लॅस्टिक सर्जन गाठा. ग्रंथी नीट काढली तर सहसा परत वाढत नाही, पण स्टेरॉईड किंवा मूळ आजार तसाच राहिला तर खात्री देता येत नाही. विमा कंपन्या याला सौंदर्याचं ऑपरेशन म्हणून पुष्कळदा पैसे नाकारतात, तेव्हा आधी लेखी विचारून घ्या.

आणि आपल्या खान्देशासाठी एक खास सूचना. नंतर चार ते सहा आठवडे घट्ट जाकीट चोवीस तास अंगात ठेवावं लागतं. एप्रिल-मे महिन्यात ते घालून बघा, जीव नकोसा होईल, घामोळ्यांनी कातडी सोलून निघेल. घाई नसेल तर थंडीतली तारीख घ्या.

भूषणनं डिसेंबरची तारीख घेतली. सर्जनकडून बाहेर पडल्या पडल्या त्यानं मला फोन केला. मागे मोटरसायकलचे आवाज होते, पण तो मोठ्यानं बोलत होता.

"त्यांनी विचारलं मॅडम, काही शंका आहे का. मी म्हटलं, भरतीचे १६०० मीटर कधीपासून पळू?"

"काय म्हणाले?"

"चालायला दुसऱ्या दिवसापासून. पळायला महिना-दीड महिना. वजन उचलायला त्याच्यानंतर." मग जरा थांबून म्हणाला, "पप्पांना सांगून ठेवलंय, जानेवारीत घड वाहायला माणूस बघा."