दादाभाई नौरोजी आधी व्यापारी होते. राजकारणात त्याचा त्यांना उपयोग झाला का? आज व्यापाऱ्याने नगरपालिकेला उभं राहावं का?

झाला, आणि भरपूर झाला. दादाभाई १८५५ साली कामा कंपनीचे भागीदार म्हणून लंडनला गेले. अफू-दारूचा नफा नको म्हणून तिथून बाहेर पडले आणि १८५९ मध्ये स्वतःची कापसाची पेढी काढली. 'देशाची संपत्ती वाहून चालली आहे' हा त्यांचा सिद्धांत मला तरी पेढीवरच्या माणसाचा वाटतो. दरसाल माल जास्त जातो, येतो कमी, मग फरकाची रक्कम कुणाच्या खाती जमा झाली? हा प्रश्न जमाखर्च लिहिणाऱ्यालाच पडतो.

माझ्या वडिलांची अडत होती आणि ते एकदा नगरसेवक झाले. रात्री जेवणं झाली की रोजकीर्द बाजूला सारून पालिकेच्या बिलांच्या झेरॉक्स पसरायचे. टँकरच्या एका बिलात एकाच गाडीच्या एका दिवसात चौदा खेपा होत्या. दुसऱ्या दिवशी वडील घड्याळ घेऊन विहिरीवर जाऊन बसले. टँकर भरायला पाऊण तास लागत होता. म्हणजे नुसतं भरण्यातच साडेदहा तास, मग गाडी गावात फिरली कधी? सभेत त्यांनी एवढंच विचारलं. बिल अडलं. पुढच्या वेळी त्यांना तिकीट मिळालं नाही.

काका आजही चारचौघांत सांगतात, दादाने राजकारणापायी दुकान बुडवलं. साफ खोटं आहे. दुकान खरेदीदारांकडे अडकलेल्या पैशाने बुडालं. खतावणी माझ्याकडे आहे, काकांनी कधीही येऊन बघावी.

तेव्हा हिशेब वाचता येत असेल तर जरूर उभे राहा. फक्त एक-दोनदा पडायची तयारी ठेवा. दादाभाई मुंबई महापालिकेत बसले होते, तरी १८८६ मध्ये लंडनच्या होबर्न मतदारसंघात हरले; काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते त्यानंतर. १८९२ मध्ये लंडनच्याच फिन्सबरीतून ब्रिटिश पार्लमेंटात गेले ते अवघ्या पाच मतांनी, आणि १८९५ मध्ये पुन्हा पडले. शिवाय त्यांच्यामागे लिबरल पक्ष होता, तुमच्यामागे कोण आहे ते बघा. ठेके मिळवायला नगरसेवक होणाऱ्यांबद्दल मी बोलत नाही, त्यांनी घरीच बसावं.

आणि अर्ज भरण्याआधी गल्ल्यावर कोण बसणार ते ठरवा. आमच्याकडे ती पाच वर्षं काका बसले होते.