आतड्यात दोन गाठी, दोन जातींच्या

प्रश्न : वडील ६१ वर्षांचे. उजव्या बाजूचं मोठं आतडं कापून काढलं. रिपोर्टमध्ये मोठ्या आतड्यात ‘अ‍ॅडिनोकार्सिनोमा’, लहान आतड्याच्या टोकाला १.२ सेंमीचा ‘न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर’ आणि ‘१६ पैकी २ लसिकाग्रंथींत आजार’ असं लिहिलंय. कॅन्सर पसरला, असं गावात बोलतात. केमो लगेच घ्यायची का?
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : एका गाठीतून दुसरी पसरलेली नाही. पहिली आतड्याच्या अस्तरातून उगवली, दुसरी हार्मोन तयार करणाऱ्या पेशींतून. असा योग दुर्मीळ, आणि दुसरी गाठ पुष्कळदा पहिलीच्या ऑपरेशनमध्येच सापडते.

केमोचा निर्णय मात्र त्या २ लसिकाग्रंथींवर (लिम्फ नोड) अडलाय. त्यांत कोणत्या गाठीच्या पेशी आहेत? रिपोर्ट लिहिणाऱ्या पॅथॉलॉजिस्टना आधी हेच विचारा. अ‍ॅडिनोकार्सिनोमाच्या असतील तर तो तिसरा टप्पा. केमो साधारण ३ ते ६ महिने, आणि ती ऑपरेशननंतर ६ ते ८ आठवड्यांत सुरू झालेली बरी. न्यूरोएंडोक्राइनच्या असतील तर मोठ्या आतड्याच्या आजाराचा टप्पा खाली येतो, केमो कदाचित लागणारही नाही. शिवाय मंद वाढणाऱ्या न्यूरोएंडोक्राइन गाठीला ती केमो फारशी लागू पडत नाही. ग्रंथी १६ तपासल्या, हे बरं झालं. किमान १२ हव्यात.

उलगडा इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीने होतो, म्हणजे पेशींतली ठरावीक प्रथिनं रंगवून पेशी कोणत्या जातीची ते ओळखण्याच्या तपासणीने. सिनॅप्टोफायसिन आणि क्रोमोग्रॅनिन हे न्यूरोएंडोक्राइन पेशी दाखवणारे डाग (स्टेन) त्या २ ग्रंथींवरही करायला सांगा. नुसत्या गाठीवर केले तर प्रश्न तिथेच राहतो. दुसऱ्या गाठीचा केआय-६७ (किती टक्के पेशी वाढतायत त्याचा आकडा) मागा : ३ टक्क्यांखाली पहिली श्रेणी, ३ ते २० दुसरी. अ‍ॅडिनोकार्सिनोमावर एमएमआर (पेशीतल्या डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी प्रथिनं) तपासणीही हवी. त्यात दोष निघाला तर आजार घराण्यातला असू शकतो, मग भावंडांनी आणि मुलांनीही सल्ला घ्यावा.

नागपूरला किंवा सेवाग्रामला दुसरं मत घ्यायचं तर नुसता कागद नेऊ नका. दोन्ही गाठींचे आणि ग्रंथींचे मेणाचे ब्लॉक (मेणात बसवलेले तुकडे), स्लाइडसह, पावतीवर नंबर लिहून घ्या. हे मेण साधारण ५६ ते ६० अंशांना वितळतं. आपल्याकडच्या मे महिन्यात उन्हात उभ्या बंद गाडीत डॅशबोर्ड तेवढा सहज तापतो. ब्लॉक थर्मासच्या डब्यात, सावलीत ठेवा.

पुढे न्यूरोएंडोक्राइन गाठीसाठी रक्तातलं क्रोमोग्रॅनिन-ए हे प्रथिन तपासायला सांगतील. वडील पॅन्टोप्राझोल घेत असतील तर आधी डॉक्टरांना सांगा. पित्ताच्या त्या गोळीने आकडा उगाच वाढतो. त्यांच्या सल्ल्याने ती साधारण दोन आठवडे आधी थांबवावी लागते.