सिग्नलवरून गाडी उचलताना पुढून 'टक्' होतं, गॅरेजमध्ये मात्र काहीच ऐकू येत नाही. काय असेल?

तुम्ही लिहिलंय त्यावरून गाडी मॅन्युअल, पुढच्या चाकांवर चालणारी. उभ्यावरून निघताना एकदाच 'टक्', वेग आला की शांत. मेकॅनिक दोन्ही शॉकअप बदला म्हणतोय. इतक्यात हो म्हणू नका. शॉकअप वाजायचे असते तर खड्ड्यात आणि गतिरोधकावर वाजले असते.

सगळ्यात आधी चाकांचे नट पान्याने आवळून बघा. नट ढिला निघाला तर तो आवळल्याशिवाय गाडी हलवायची नाही. मग डिकीतला जॅक आणि स्टेपनी घट्ट आहेत का ते पाहा. हसू नका, पुढून येतोय असं वाटणारा आवाज बऱ्याचदा मागचा निघतो. आणि काही गाड्यांत थोडा वेग आला की दरवाजे आपोआप लॉक होतात, तो 'टक्' वेगळा.

आता खरं निदान. आवाज कुठून येतो हे कान नीट सांगत नाहीत. तो कशाबरोबर बदलतो ते बघा. न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीला रेस दिल्यावर आवाज आला, तर सायलेन्सरवरचा सैल पत्रा किंवा बेल्ट. वेगाबरोबर घरघर वाढत गेली, तर चाकाचं बेअरिंग. तुमचा आवाज या दोन्हींत बसत नाही, तो ओढ पडते त्या क्षणाचा आहे.

फर्स्ट गिअरमध्ये इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, साधारण 3.5 पट होतो, पुढे डिफरन्शियलमध्ये (गिअरबॉक्समधून दोन्ही चाकांना जोर वाटून देणारा भाग) आणखी 4 पट, म्हणजे चाकापाशी जवळजवळ 14 पट. टॉप गिअरला हाच हिशोब 3 पटींच्या आसपास येतो, म्हणून वेगात आवाज नाही. चाकं जितक्या जोराने पुढे फिरतात, तितक्याच जोराने इंजिन आणि गिअरबॉक्स उलटीकडे कलतात. तो झटका रबरी माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्या रबरी आधारांवर बसवलेलं असतं ते, पचवतं. रबर फाटलं की लोखंड लोखंडावर आपटतं. माझा पहिला संशय इथेच आहे.

तपासायला एक माणूस आत बसवा. बॉनेट उघडं, हँडब्रेक ओढलेला, पाय ब्रेकवर घट्ट. तुम्ही बाजूला उभे राहा, गाडीच्या पुढे किंवा मागे अजिबात नको. त्याने फर्स्ट टाकून क्लच हळूच पकडेपर्यंत सोडायचा आणि लगेच दाबायचा, मग तेच रिव्हर्समध्ये. इंजिन जरासं डोलणारच. पण उचकून उडालं आणि 'धप्प' आवाज आला, तर माउंटिंग गेलंय. माउंटिंग तेल भरलेलं असेल तर खाली काळा ओघळ दिसतो का तेही बघा.

ते ठीक निघालं तर लोअर आर्मचे बुश, म्हणजे चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या दांड्याच्या सांध्यातले रबर. ब्रेक मारताना आर्म मागे खेचला जातो, निघताना पुढे. बुश झिजला असेल तर तेवढ्यात टोला बसतो. म्हणूनच सिग्नलला येतो तो आवाज गॅरेजच्या दारात येत नाही. लिफ्टवर तर चाकं अधांतरी, ओढच नाही, मग वाजणार काय? बुश पहारीने ढकलून बघावा लागतो.

रिव्हर्सनंतर पुढे निघताना एकदाच 'टक्' होऊन नंतरच्या सिग्नलांना येत नसेल, तर ब्रेक पॅड आपल्या जागेत सरकतोय, फार काळजीचं नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवताना 'कट-कट-कट' आलं, तर एक्सलचा बाहेरचा सीव्ही जॉइंट, म्हणजे चाक वळलं तरी त्याला फिरवत ठेवणारा सांधा. त्याचं रबरी बूट (वरचं कव्हर) फाटलं असेल तर चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे फराटे उडालेले दिसतील.

पुढच्या वेळी गाडी मेकॅनिकच्या ताब्यात देऊन बाहेर बसू नका. त्याला शेजारी बसवा, स्टिअरिंग तुमच्या हातात ठेवा, जोरात ब्रेक मारून थांबा आणि नेहमीसारखी गाडी उचला. फर्स्ट-रिव्हर्सच्या चाचणीत इंजिन किती उडालं ते इथे लिहा, पुढचं बघू.